दुधाच्या वाटीपलीकडे : मांजराच्या पिल्लाचे संगोपन

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी विदर्भभर ओळखले जाते. भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. ज्या घरात धान्य साठते, त्या घरात उंदीर येतो आणि उंदरामागोमाग मांजर येते. मांजराचे आणि माणसाचे नाते मुळात असेच जुळले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती स्थिरावली, कणग्या भरू लागल्या आणि तेथील रानमांजरे वस्तीच्या कडेला वावरू लागली. सायप्रस बेटावरील साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. बैलाला माणसाने दावणीला बांधले. मांजर मात्र बरेचसे आपल्या पायांनी घरात आले. त्याचा स्वभाव समजून घेताना हा इतिहास लक्षात ठेवणे उपयोगाचे ठरते.

गिरडसारख्या गावात दोन्ही परंपरांनी मांजराला घरात जागा दिली आहे. इस्लामी परंपरेत मांजर अपवित्र मानले जात नाही. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांच्या या टोपणनावाचा अर्थच ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ असा होतो. हिंदू परंपरेत षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. हीच षष्ठी मराठी घरांत सटवाई होऊन बाळाचे भाग्य लिहायला येते. मांजर हातून मेले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे बजावणारी आजी अजूनही भेटते. आडवे गेलेल्या मांजराला अपशकुनी ठरवणारा समाज त्याच्या जिवाला इतके मोलही देतो.

प्रश्न मायेच्या अभावाचा क्वचितच असतो. कोठ्यातील कडब्याच्या गंजीत, पऱ्हाटीच्या ढिगाआड किंवा माळ्यावरच्या गोणपाटात पिल्लू सापडते. मुले त्याला उचलून आणतात, कोणीतरी दुधाची वाटी पुढे करते आणि सगळे घर त्याच्याभोवती गोळा होते. चार-आठ दिवसांत पिल्लू जुलाबाने मलूल होते आणि पुष्कळदा दगावते. ते दुर्लक्षाने मेलेले नसते, चुकीच्या समजुतीतून केलेल्या मायेने मेलेले असते. म्हणून मांजराच्या सहवासाने माणसाला काय मिळते, हे पाहण्याआधी पिल्लाला काय हवे असते, ते पाहू.

पिल्लू खरोखर अनाथ आहे का?

एकटे दिसणारे प्रत्येक पिल्लू पोरके नसते. मांजरी शिकारीसाठी काही तास दूर जाते. पिल्लांची जागाही ती वारंवार बदलते. ‘मांजर पिल्लांना सात घरे फिरवते’ ही म्हण त्याच निरीक्षणातून आली आहे. पिल्लू उबदार, शांत आणि पोट भरलेले दिसत असेल, तर त्याला हात न लावता दूर उभे राहून वाट पाहावी. माणसांची गर्दी असेपर्यंत आई परतत नाही. पिल्लू गार पडले असेल, सतत ओरडत असेल किंवा त्याला मुंग्या लागल्या असतील, तर मात्र उशीर करू नये.

शेतात सापडलेल्या पिल्लाबाबत आणखी एक शक्यता असते. ते रानमांजराचे किंवा वाघाटीचे असू शकते. अंगावर तांबूस ठिपके असलेली वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झाल्यावरही तिचे वजन दीड किलोच्या आसपासच असते. ही दोन्ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून त्यांना पाळणे हा गुन्हा आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या वेळी फडात अशी पिल्ले आणि बिबट्याचे बछडेही सापडतात. वन विभागाचे कर्मचारी त्यांना त्याच जागी ठेवतात आणि अनेकदा रात्रीच्या अंधारात आई येऊन त्यांना घेऊन जाते. शंका आली तर पिल्लू आहे तिथेच ठेवावे आणि वन विभागाला कळवावे.

दुधाचा गैरसमज

मांजर म्हटले की मराठी मनात दूध येते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या भाषेत घर करून बसले आहे. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या आतड्यात दुधातील शर्करा पचवणारे विकर कमी होत जाते. गाई-म्हशीचे दूध मांजरीच्या दुधाहून वेगळे असते. त्याने लहान पिल्लाला जुलाब होतात, अंगातील पाणी झपाट्याने कमी होते आणि दोनशे-तीनशे ग्रॅमच्या जिवाला ते सोसत नाही. पिल्लाचे दात आले नसतील, तर मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दुधाची पावडर वापरावी. ती मोठ्या शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते.

दुसरी अडचण पोळीची. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावाने डोळ्यांचा पडदा हळूहळू झिजतो आणि मांजर आंधळे होते. हृदयाचे स्नायू सैल पडण्याचा आजारही याच अभावातून होतो, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर तयार मांजरखाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दूध-पोळीवर वाढलेले मांजर जगते ते बहुधा बाहेर उंदीर, पाली आणि पाखरे मारून. त्याला घरात कोंडून त्याच दूध-पोळीवर ठेवले, तर त्याचे हाल होतात.

शाकाहारी कुटुंबांनी येथे स्वतःशी प्रामाणिक राहावे. घरात मांस शिजवायचे नसेल तर पिल्लांसाठीचे तयार खाद्य हा चांगला मार्ग आहे, मात्र तेही मांस-मासळीपासूनच बनलेले असते. तेवढेही चालणार नसेल, तर मांजर पाळू नये. आपला आहारधर्म आपण पाळावा. मांजरावर तो लादला तर त्याची किंमत त्याचे डोळे आणि हृदय मोजतात.

चार आठवड्यांनंतर पिल्लाला मऊ अन्न सुरू करता येते. पिल्लांचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. जोडीला मीठ-मसाला न घातलेली उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी किंवा शिजवलेले अंडे चालते. नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर मात्र पिल्लू वाढवू नये. त्यातून हाडांना पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. पिण्यासाठी स्वच्छ पाणी सतत भरलेले असावे.

पहिले आठ आठवडे

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते आणि आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढते. महिन्याच्या पिल्लाचे वजन ४०० ग्रॅमच्या घरात असावे. स्वयंपाकघरातील छोट्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहून ठेवावे. वजन दोन दिवस वाढले नाही, तर पिल्लू खेळकर दिसत असले तरी पशुवैद्यकांना दाखवावे.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. म्हणून आधी ऊब, मग अन्न हा क्रम पाळावा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली टोपल्याच्या एका बाजूला ठेवावी; उकाडा वाटला तर पिल्लाला दूर सरकता आले पाहिजे. दूध पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये. ते पोटावर असावे, अन्यथा दूध श्वासनलिकेत जाते. अगदी लहान पिल्लाला मल-मूत्र विसर्जनही आपणहून करता येत नाही. आई चाटून ते घडवून आणते. आई नसेल तर पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसावे.

आई असेल तर पिल्लू किमान आठ आठवडे तिच्यापाशी राहू द्यावे. बारा आठवडे राहिले तर अधिक चांगले. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली. चावायचे किती आणि नख्या आवरायच्या केव्हा, हे पिल्लू आई-भावंडांत शिकते. माणसाची सवय लागण्याचा काळही दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला. या दिवसांत घरातील वेगवेगळ्या माणसांनी त्याला रोज थोडा वेळ हळुवार हाताळले, तर ते आयुष्यभर माणसाला बिचकत नाही.

१९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी तेथील एका मांजरीचे आणि तिच्या दोन पिल्लांचे बारकाईने निरीक्षण केले आणि आश्रमातील मंडळींना त्याविषयी लिहिले. मांजरीची स्वच्छता आणि न बोलता, केवळ करून दाखवून पिल्लांना शिकवण्याची तिची रीत त्यांना शिक्षणाचा आदर्श वाटली. पुढे चार वर्षांनी ते वर्धा जिल्ह्यातील सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्यांचे निरीक्षण पाळणाऱ्यालाही उपयोगी पडते. पसरट तसराळ्यात वाळू किंवा कोरडी माती भरून ती शांत कोपऱ्यात ठेवली आणि जेवणानंतर पिल्लाला त्यात सोडले, तर उकरून झाकण्याची त्याची मूळ वृत्ती पुरेशी असते. नाक घासणे, मारणे, ओरडणे यांनी पिल्लू फक्त भिणे शिकते.

भक्तिविचारात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन दृष्टान्त प्रसिद्ध आहेत. माकडाचे पोर आईला घट्ट बिलगते; मांजराचे पिल्लू मात्र स्वतःला सैल सोडते आणि आई त्याला मानेला धरून नेते. दृष्टान्त सुंदर असला तरी माणसाने ती पकड वापरू नये. वाढत्या पिल्लाला मानेला धरून लटकवल्याने इजा होते. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, ही उचलण्याची खरी पद्धत.

ऊन, विष आणि घरातील औषधे

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखाली दुपारी पिल्लू ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. कवेलूच्या घरातील माठाजवळची गार फरशी, दोन-तीन ठिकाणी पाणी आणि हवा खेळती राहील अशी सावली एवढे हवेच. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर संकटात आहे असे समजावे. अंग ओल्या कापडाने पुसत तातडीने दवाखाना गाठावा.

कापूस पिकवणाऱ्या घरात कीटकनाशकांचा धोका मोठा आहे. मांजर दिवसातून कितीतरी वेळा अंग चाटते. फवारणीचे कपडे, रिकामे डबे किंवा सांडलेले औषध यांच्याशी अंग घासले गेले की विष जिभेवाटे पोटात जाते. उंदरांसाठी ठेवलेले विषही तितकेच घातक, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराच्या तोंडी लागतो. जेथे मांजर आहे तेथे उंदरांसाठी पिंजरा वापरावा.

ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. माणसाला निरुपद्रवी वाटणारी ही गोळी मांजराच्या यकृताला निष्प्रभ करता येत नाही. एका गोळीनेही ते मरू शकते. कांदा-लसूण, चॉकलेट, डांबराच्या गोळ्या आणि कुंडीतील लिली यांपासूनही त्याला दूर ठेवावे. कुत्र्यांसाठीच्या पिसवा-गोचिडांच्या औषधांत बहुधा पर्मेथ्रिन असते. तेही मांजराला विषारी ठरते.

लस, जंत आणि शस्त्रक्रिया

सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पिल्लाला विषाणुजन्य आजारांची लस सुरू करतात आणि चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा देतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, मग एका वर्षाने आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होते. त्याची मात्रा वजनावर ठरत असल्याने अंदाजाने देऊ नये. जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना आणि १९६२ हा पशुसेवेचा क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावा. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी या भागातील कुटुंबांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हा मोठा आधार आहे.

मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते. म्हणून पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी करून घ्यावी. ती टाळणाऱ्या घरात वर्षभरात पिल्लांची रांग लागते आणि मग एखाद्या संध्याकाळी पोत्यात घालून ती नदीपलीकडे किंवा बाजारात सोडली जातात. उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा नसता तरी, मुलांच्या देखत घडलेली ही गोष्ट मुले विसरत नाहीत.

माणसाला काय मिळते?

आता आपल्या बाजूचा हिशेब. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केवळ दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, इतरांच्या तुलनेत कमी आढळले. केंब्रिज विद्यापीठाच्या १९९१ मधील अभ्यासात नव्याने मांजर आणलेल्या माणसांच्या किरकोळ दुखण्यांच्या तक्रारी पहिल्या महिन्यात घटल्या. हा लाभ कुत्रा आणलेल्यांत अधिक काळ टिकला. मिनेसोटातील संशोधकांनी ४४३५ लोकांच्या माहितीच्या आधारे मांजर पाळणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी असल्याचे २००९ मध्ये नोंदवले. मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. शांत स्वभावाची माणसेच मांजर पाळत असतील, हीही शक्यता उरते. रक्तदाबाची गोळी सोडून मांजर आणावे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये.

मांजराच्या गुरगुरण्याने हाडे जुळतात, असेही सांगितले जाते. त्या आवाजाची कंपने साधारण २५ ते १५० हर्ट्झची असतात हे खरे, पण मांडीवर बसलेल्या मांजरामुळे माणसाचे हाड लवकर जुळल्याचे सिद्ध झालेले नाही. शिवाय मांजर सुखात गुरगुरते तसे वेदनेतही गुरगुरते.

मग हाती काय उरते? पुष्कळ उरते. मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला गेली, घर ओसरीपासून सांदवाडीपर्यंत रिकामे झाले, अशा घरात ठरावीक वेळी कोणीतरी जेवणाची वाट पाहते, याने दिवसाला आकार येतो. दुःखात बुडालेल्या माणसालाही मांजराची वाटी भरण्यासाठी उठावे लागते. लहान मुलांना आपल्याहून दुबळ्या जिवाची इच्छा ओळखण्याचा सराव मिळतो. मांजर नको असताना सहन करीत नाही; शेपटी आपटते, कान मागे वळवते, निघून जाते. ‘नको’ म्हणजे नको, हा धडा याहून सौम्यपणे कोण शिकवील?

नातेही एकतर्फी नसते. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील प्रयोगात सुमारे दोनतृतीयांश पिल्लांत आपल्या पालनकर्त्याविषयी सुरक्षित ओढ आढळली. तान्ह्या बाळांतही हे प्रमाण जवळपास असेच दिसते. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासानुसार मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले-उघडले, तर तेही तसाच प्रतिसाद देते आणि जवळ येण्याची शक्यता वाढते. रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांनी हे करून पाहावे.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

मांजराची ॲलर्जी प्रामुख्याने त्याच्या लाळेतील आणि त्वचेतील प्रथिनामुळे होते, केवळ केसांमुळे नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मांजराला झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये. गर्भवतींना टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती घातली जाते आणि घरचे मांजर हाकलले जाते. त्याची गरज नसते. मांजराच्या विष्ठेतील परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून वाळूचे तसराळे रोज, तेही घरातील दुसऱ्या कोणी साफ केले आणि भाज्या नीट धुऊन, मांस पूर्ण शिजवून खाल्ले, तर धोका फारच कमी होतो.

मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजविषयी सल्ला घ्यावा आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पिल्लू लहान होते, घरचे होते, अशी सबब येथे चालत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

सत्तरी ओलांडलेल्या एकट्या व्यक्तीला पिल्लाऐवजी शांत स्वभावाचे प्रौढ मांजर अधिक मानवते. पिल्लू पायांत घोटाळते, पडण्याचा धोका असतो. शिवाय चांगली निगा राखलेले मांजर पंधरा वर्षेही जगते. आपल्यामागे त्याला कोण सांभाळील, हे आधीच ठरवावे आणि त्या माणसाला तसे सांगून ठेवावे.

पिल्लू घरी आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून एवढे ठरवावे : त्याचे मांसाहारी जेवण कोण आणणार, वाळू रोज कोण बदलणार, लशीला आणि नसबंदीला कोण नेणार, लग्नकार्यासाठी गावाला गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहणार. चारही प्रश्नांसमोर नावे लिहिता आली तर पिल्लू आणावे. एखादी जागा रिकामी राहिली तर या वर्षी थांबावे. तोवर दारात येणाऱ्या मांजरासाठी उन्हाळ्यात सावलीत पाण्याचे भांडे भरून ठेवावे.